पटिंग (गोल्फ)

पटिंग हा गोल्फ या खेळातील सर्वांत हळुवार फटका होय. गोल्फच्या मैदानावर प्रत्येक छिद्राभोवती अगदी आखूड कापलेले गवत राखलेले असते. या भागास ग्रीन म्हणतात. ग्रीनवर पोहोचलेला चेंडू हवेत न उडवता जमिनीवरून घरंगळत छिद्रात नेणे म्हणजे पटिंग. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, जवळजवळ सपाट तोंडाच्या काठीला पटर असे नाव आहे. या फटक्यास शारीरिक बळ फारसे लागत नाही. अंतराचा अंदाज, उताराची जाण आणि हातांची स्थिरता यांवर त्याचे यश अवलंबून असते. त्यामुळे वयाने वा शक्तीने कमी असलेल्या खेळाडूला बलवान प्रतिस्पर्ध्याची बरोबरी करण्याची संधी या अंगात सर्वाधिक मिळते.

महत्त्व

पूर्ण मैदानावर १८ छिद्रे असतात आणि सर्व छिद्रे मिळून अपेक्षित फटक्यांची संख्या, म्हणजे पार, बहुधा ७२ असते. ही संख्या ठरवताना प्रत्येक ग्रीनवर पटिंगचे दोन फटके गृहीत धरलेले असतात. म्हणजेच ७२ पैकी ३६ फटके, अर्थात निम्मे, ग्रीनवरचे असतात. २५० मीटर दूर जाणारा फटका आणि अर्ध्या मीटरवरून छिद्रात ढकललेला चेंडू यांची गणना सारखीच होते.

यावरून पटिंग हेच गोल्फचे सर्वस्व आहे, असा समज मात्र बरोबर नाही. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी अमेरिकेतील व्यावसायिक खेळाडूंच्या फटक्यांचे विश्लेषण केले. सर्वोत्तम खेळाडूंना इतरांवर मिळणाऱ्या आघाडीत पटिंगचा वाटा साधारण १५ टक्केच असतो, असे त्यांना आढळले. याच विश्लेषणानुसार व्यावसायिक खेळाडू सुमारे ३ फुटांवरून १०० पैकी ९६ वेळा, ८ फुटांवरून ५० वेळा आणि २० फुटांवरून केवळ १५ वेळा एका फटक्यात चेंडू छिद्रात घालतात. यातून पटिंग सुधारण्याची दिशा स्पष्ट होते. जवळचा फटका चुकू न देणे आणि दूरचा फटका छिद्राच्या अगदी जवळ नेऊन ठेवणे, या दोनच गोष्टी साधायच्या असतात. दूरचा चेंडू प्रत्येक वेळी छिद्रात जावा ही अपेक्षा जगातील उत्तम खेळाडूंच्या बाबतीतही पूर्ण होत नाही.

जवळच्या फटक्याचे मोल किती असू शकते, याचे उदाहरण २०१५ मध्ये दक्षिण कोरियात झालेल्या प्रेसिडेंट्स कप स्पर्धेत घडले. पुण्यात जन्मलेला भारतीय खेळाडू अनिर्बान लाहिरी आणि अमेरिकेचा क्रिस कर्क यांची लढत शेवटच्या छिद्रापर्यंत बरोबरीत होती. कर्कने लांबून चेंडू छिद्रात घातला. लाहिरीचा सुमारे चार फुटांवरचा फटका मात्र छिद्राबाहेर राहिला. अमेरिकेने ती स्पर्धा १५½–१४½ अशा, म्हणजे एकाच गुणाच्या फरकाने जिंकली.

याउलट, टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१) जागतिक क्रमवारीत २००वी असलेली बंगळुरूची अदिती अशोक लांब फटक्यांत इतरांच्या बरीच मागे असूनही मुख्यतः पटिंगच्या बळावर चौथ्या स्थानापर्यंत पोहोचली. चार फेऱ्यांत मिळून तिने २६९ फटके घेतले. रौप्यपदकासाठी बरोबरीत असलेल्या दोघी २६८ वर होत्या.

साधने व नियम

चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर आणि वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम असते. छिद्राचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे चेंडूच्या सुमारे अडीचपट असतो. खेळाडूस एका फेरीत जास्तीत जास्त १४ काठ्या जवळ बाळगता येतात. पटर ही त्यांपैकी एक होय. पटरचे दोन मुख्य प्रकार आहेत: अरुंद पात्याचा आणि मागे रुंद, जड डोके असलेला. पटरचे तोंड पूर्णपणे उभे नसून साधारण ३ ते ४ अंश मागे कललेले असते. गवतात किंचित रुतलेला चेंडू त्यामुळे वर उचलला जातो, थोडे अंतर घसरतो आणि मग घरंगळू लागतो.

ग्रीनवर चेंडूमागे नाणे किंवा तत्सम खूण ठेवून तो उचलता व पुसता येतो. पटरचे टोक छातीला अथवा पोटाला टेकवून फटका मारण्यास १ जानेवारी २०१६ पासून बंदी आहे. २०१९ पासून छिद्रातील झेंडा न काढताही पटिंग करता येते, तसेच बुटांच्या खिळ्यांनी पडलेले ओरखडे दुरुस्त करता येतात.

तंत्र

उभे राहण्याची पद्धत: पावले साधारण खांद्यांइतकी दूर ठेवून, कमरेतून किंचित वाकून उभे राहतात. डोळे चेंडूच्या बरोबर वर किंवा जरासे आतल्या बाजूस असावेत, म्हणजे चेंडू ते छिद्र ही रेषा वाकडी दिसत नाही. हे तपासण्यासाठी नाकाच्या मुळापासून एक चेंडू सोडून तो कोठे पडतो, हे पाहिले जाते.

पकड: दोन्ही तळवे समोरासमोर ठेवून काठी हलक्या हाताने धरतात. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा उजवा हात सामान्यतः खाली असतो. मनगट वळण्याची सवय असलेले काही खेळाडू डावा हात खाली ठेवतात. पकडीचे अनेक प्रकार प्रचलित आहेत. मनगटे स्थिर ठेवणे हा सर्वांचा समान हेतू असतो.

झोका: खांदे आणि हात मिळून एक त्रिकोण तयार होतो. हा त्रिकोण न मोडता घड्याळाच्या लंबकाप्रमाणे खांद्यांपासून हलवला जातो. लंबकाचा झोका लहान असो वा मोठा, त्यास लागणारा वेळ जवळजवळ सारखाच असतो. पटिंगमध्येही हेच तत्त्व पाळतात: अंतर वाढवायचे असल्यास झोक्याची लांबी वाढवतात, जोर वाढवत नाहीत. नवशिक्या खेळाडूची चूक बहुधा येथेच होते. तो पटर फार मागे नेतो आणि चूक लक्षात येताच चेंडूजवळ येताना वेग आवरतो. परिणामी चेंडू कमी पडतो आणि दिशाही बिघडते.

पटरच्या तोंडाची दिशा: चेंडू कोणत्या दिशेने निघणार, हे मुख्यतः आघाताच्या क्षणी पटरचे तोंड कोणीकडे आहे यावर ठरते, झोक्याच्या मार्गाचा परिणाम त्याहून बराच कमी असतो. तोंड एका अंशाने वळले तर सपाट ग्रीनवर ३ मीटर अंतरावर चेंडू सुमारे ५.२ सेंटिमीटर बाजूस जातो. छिद्राची त्रिज्या ५.४ सेंटिमीटर असल्याने असा चेंडू कसाबसा कडेवरून आत पडू शकतो. दोन अंशांची चूक झाल्यास तो निश्चितच चुकतो. सव्वा मीटरवर मात्र दोन अंशांची चूकही खपून जाते.

नजर: कॅलगरी विद्यापीठातील जोन व्हिकर्स यांनी १९९२ मध्ये पटिंग करणाऱ्यांच्या नजरेचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुशल खेळाडू फटक्याआधी आणि फटका होईपर्यंत चेंडूवर नजर स्थिर ठेवतात, तर इतरांची नजर इकडेतिकडे फिरते, असे त्यात दिसून आले. चेंडू गेल्यावरही क्षणभर डोके न उचलण्याची शिकवण याच्याशी सुसंगत आहे.

ग्रीनचे वाचन

फटक्यापूर्वी ग्रीनचा उतार, गवत आणि गती यांचा अंदाज घेण्यास ग्रीनचे वाचन म्हणतात. आडव्या उतारावर चेंडू खालच्या बाजूस वळतो. तो जितका हळू, तितका अधिक वळत असल्याने सर्वाधिक वळण छिद्राजवळ दिसते. म्हणून छिद्राभोवतीचा शेवटचा मीटरभर भाग विशेष लक्षपूर्वक पाहिला जातो. चढावर चेंडू जोराने मारावा लागल्याने वळण कमी होते. उतरणीवर ते वाढते.

गती आणि दिशा या परस्परावलंबी आहेत. छिद्रापर्यंत न पोहोचलेला चेंडू आत पडूच शकत नाही. फार वेगाने आलेल्या चेंडूसाठी छिद्र जणू लहान होते, कारण तो मध्यावरून गेला तरच आत पडतो. चुकल्यास छिद्रापुढे साधारण ३० ते ४५ सेंटिमीटरवर थांबेल, अशी गती सामान्यतः योग्य समजली जाते. दूरच्या फटक्यात चूक बहुधा दिशेपेक्षा अंतराची अधिक असते.

ग्रीनची गती स्टिंपमीटर या साध्या उपकरणाने मोजतात. अमेरिकेच्या एडवर्ड स्टिंपसन यांनी १९३५ मध्ये ते तयार केले. खाच असलेल्या उतरत्या पट्टीवरून सोडलेला चेंडू सपाट ग्रीनवर किती फूट जातो, तो आकडा म्हणजे त्या ग्रीनची गती होय. सकाळच्या दवाने किंवा पावसाने ओली झालेली ग्रीन मंद असते.

उष्ण प्रदेशांतील ग्रीनवर बहुधा बर्म्युडा गवत लावतात. मराठीत यालाच हरळी किंवा दूर्वा म्हणतात. परभणी जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत शेतकरी जिला चिवट तण म्हणून खणून काढतो, तीच ही वनस्पती. ग्रीनसाठी मात्र तिच्या बारीक पानांच्या संकरित जाती वापरतात आणि त्या काही मिलिमीटर उंचीवर कापतात. हरळी जमिनीलगत पसरत असल्याने तिच्या पात्यांना विशिष्ट दिशेचा कल असतो. कलाच्या दिशेने पाहता गवत चमकदार दिसते आणि चेंडू वेगाने जातो. विरुद्ध दिशेने ते गडद दिसते आणि चेंडू लवकर थांबतो. काळी माती पाणी धरून ठेवते व उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे ग्रीन त्या मातीवर थेट न करता खडीच्या थरावर सुमारे ३० सेंटिमीटर वाळूमिश्रित थर देऊन बांधणे श्रेयस्कर ठरते.

पाण्याची टंचाई असलेल्या भागांत गवताऐवजी वाळूत तेल मिसळून दाबलेले पृष्ठभाग केले जात. रंगावरून त्यांना ब्राउन म्हणत. भारतातील अनेक जुन्या मैदानांवर असे ब्राउन होते. त्यांवर गवताच्या कलाचा प्रश्न येत नाही.

सराव

पटिंगचा बराचसा सराव मैदानाबाहेर करता येतो. परभणीसारख्या, गोल्फचे मैदान सहज हाताशी नसलेल्या जिल्ह्यात याचे महत्त्व अधिक आहे.

* घरातील सतरंजी किंवा जाजम सपाट फरशीवर ताणून अंथरावे. उघड्या शहाबादी फरशीवर चेंडू फार वेगाने जातो. चोपून सारवलेले अंगण ब्राउनच्या जवळ जाणारे असते.
* आडवा ठेवलेला पाण्याचा पेला लक्ष्य म्हणून वापरावा. त्याचे तोंड छिद्राहून लहान असल्याने नेम अधिक काटेकोर होतो.
* चेंडूपुढे हातभर अंतरावर दोन काडेपेट्या चेंडूहून थोडे अधिक अंतर सोडून उभ्या कराव्यात व त्यांमधून चेंडू काढावा. यामुळे पटरच्या तोंडाची दिशा तपासली जाते.
* अंतराच्या सरावासाठी लक्ष्य न ठेवता एकामागून एक चेंडू थोडे थोडे पुढे थांबवावेत.
* एकाच जागेवरून शेकडो फटके मारण्याऐवजी प्रत्येक वेळी अंतर बदलावे. प्रत्यक्ष खेळात तोच फटका पुन्हा मारावयास मिळत नाही.

यिप्स

काही खेळाडूंना अगदी जवळच्या फटक्याच्या वेळी हाताला अनैच्छिक झटका बसतो. यास यिप्स म्हणतात. अनुभवी खेळाडूही यापासून मुक्त नाहीत. जर्मनीचा बर्नहार्ड लँगर यास अनेकदा सामोरा गेला आणि प्रत्येक वेळी पकड वा पटर बदलून त्यातून बाहेर पडला. मनावरील ताण आणि स्नायूंवरील नियंत्रणाचा बिघाड ही दोन्ही कारणे सांगितली जातात. केवळ मनाचा दुबळेपणा समजून खेळाडूस दोष देणे योग्य ठरत नाही.

भारत व महाराष्ट्र

मुंबईत १८४२ मध्ये गोल्फ क्लब स्थापन झाला होता. आज चेंबूर येथील बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब (स्थापना १९२७) आणि पुण्यातील येरवडा येथील मैदान ही राज्यातील परिचित मैदाने आहेत. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळला.

खर्चिक साधने आणि क्लबांचे सदस्यत्व यांमुळे हा खेळ मर्यादित वर्गाचा राहिला आहे. तथापि कोलकात्याचा एस. एस. पी. चौरासिया हा मैदानाची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्याचा मुलगा होता. ग्रीनजवळच्या कौशल्यामुळे त्याला ‘चिपुट्सिया’ असे टोपणनाव मिळाले. २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षे त्याने इंडियन ओपन स्पर्धा जिंकली.