नटाचं पान वाचताना

विकिपीडियावर अभिनेत्याचं पान उघडलं की आधी तळटीपा पाहाव्यात. आयएमडीबी किंवा चाहत्यांच्या संकेतस्थळाचा हवाला असेल तर तो कच्चा, कारण तिथली माहितीही वाचकच भरतात. जन्मसाल, लग्न, आजार यांना तर स्वतंत्र, भक्कम आधार हवाच. मात्र वर्तमानपत्रातला मजकूर विकीवरूनच उचललेला असू शकतो. म्हणून बातमीची तारीख आणि पानाचा ‘इतिहास’ ताडून पाहावा. तो टॅब बहुतेक जण उघडतच नाहीत! 2007 मध्ये अमेरिकी विनोदी नट सिनबाद याला कुणीतरी विकीवर मारून टाकलं होतं. तो धडधाकट होता.

पण प्रत्येक विसंगती म्हणजे चूक नव्हे. स्मिता पाटील यांचं ‘चक्र’साठीचं राष्ट्रीय पारितोषिक 1980 चं, चित्रपट प्रदर्शित झाला 1981 मध्ये. पारितोषिकाचं वर्ष सेन्सॉर प्रमाणपत्रावरून ठरतं, एवढंच. आत्मचरित्राचा आधार, उदाहरणार्थ डॉ. श्रीराम लागूंचं ‘लमाण’, आठवणींसाठी उत्तम. स्वतःच्या थोरवीसाठी मात्र कुणाचंच आत्मचरित्र चालत नाही. आणि ‘अष्टपैलू’, ‘रसिकांच्या मनावर अधिराज्य’ असे शब्द दिसले, की मजकूर प्रसिद्धिपत्रकातून आला असं खुशाल समजावं.