एका इंग्रज शेतकरी घराण्याचा वारसा

इंग्लंडच्या इतिहासाचे नाव निघाले की राजे, उमराव, पार्लमेंट आणि आरमार ही चित्रे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. तेथील खेड्यांचा जो खरा कणा, तो वर्ग मात्र या चित्रांत सहसा दिसत नाही. हा वर्ग म्हणजे ‘योमन’. खानदानी जमीनदाराच्या खाली, आणि लहान शेतकरी व शेतमजूर यांच्या वर, अशी त्याची पायरी होती. योमन स्वतः शेतावर राबे, पण त्याच्या पदरी गडीमाणसेही असत. १४३० च्या एका कायद्याने, ज्याच्या मालकीच्या जमिनीचे वार्षिक उत्पन्न ४० शिलिंग असेल, त्याला परगण्याच्या निवडणुकीत मताचा अधिकार ठरवून दिला. पुष्कळसे योमन या मतदारांत मोडत.

तथापि प्रत्येक योमन जमिनीचा मालक होता असे मात्र नाही. ह्यू लॅटिमर या सोळाव्या शतकातील नामांकित धर्मोपदेशकाने १५४९ साली राजा सहावा एडवर्ड याच्यासमोर प्रवचन करताना आपल्या वडिलांची हकीकत सांगितली होती. वडील योमन होते, पण त्यांची स्वतःची जमीन नव्हती; वर्षाला तीन-चार पौंड खंडाचे शेत ते कसत. शंभर मेंढ्यांना पुरेल एवढे कुरण होते, आई तीस गाईंचे दूध काढी. एवढ्यावर त्यांनी मुलींची लग्ने प्रत्येकी पाच-सहा पौंड देऊन केली आणि लॅटिमरला शाळेत घातले. मुलींना रोकड, मुलाला विद्या आणि शेत मात्र अखंड, असा हा हिशेब होता. योमन घराण्यांचा सारा वारसाविचार या हिशेबात बीजरूपाने आलेला आहे.

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर अवघड होते. शेत एक आणि मुले चार-पाच. शेताचे तुकडे पाडावेत, तर दोन पिढ्यांत कोणाचेच पोट भरणार नाही. तुकडे न पाडावेत, तर एक मुलगा धनी होईल आणि त्याची सख्खी भावंडे उघड्यावर पडतील. घराची जमीन राखावी की घरातील माणसे राखावीत, हा पेच प्रत्येक पिढीतील बापापुढे नव्याने उभा राही.

इंग्लंडच्या सर्वसाधारण कायद्याचे उत्तर रोखठोक होते. मालक मृत्युपत्र न करता वारला, तर त्याची जमीन सबंधच्या सबंध थोरल्या मुलाकडे जाई. मुलगाच नसला तर सर्व मुली समान वारस ठरत. मात्र हा नियम देशभर एकसारखा नव्हता. केंट परगण्यात सर्व मुलांना समान वाटे मिळण्याची जुनी रूढी होती. ससेक्समधील कित्येक गावांत तर सर्वांत धाकटा मुलगा जमिनीचा वारस होई. जंगम मालमत्तेची, म्हणजे गुरे, धान्य, भांडीकुंडी व रोकड यांची, वाट निराळी होती. १६७० च्या कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसल्यास यातील तिसरा हिस्सा विधवेला आणि उरलेले सर्व मुलांना सारखे वाटून मिळे. यामुळे एकाच माणसाची दौलत त्याच्या मृत्यूनंतर दोन निरनिराळ्या प्रवाहांनी वाहू लागे.

परंतु बाप काही न बोलता गेला, तरच कायदा बोले. १५४० च्या कायद्याने जमिनीविषयी मृत्युपत्र करण्याची मोकळीक बऱ्याच अंशी मिळाली, आणि १६६० मध्ये सरंजामी धारणेची बंधने उठल्यावर खाजगी मालकीच्या जमिनीपुरती ती पूर्ण झाली. येथे आपल्या आणि त्यांच्या परंपरेतील भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. मिताक्षरेप्रमाणे वडिलार्जित जमिनीत मुलाचा हक्क जन्मतःच निर्माण होई. बापाला तो लेखणीच्या एका फटकाऱ्याने काढून घेता येत नसे. इंग्रज बापाची लेखणी याहून बलवान होती. म्हणूनच तिच्यावर जबाबदारीही मोठी होती.

योमनांची ही मृत्युपत्रे इंग्लंडच्या दफ्तरखान्यांतून हजारोंच्या संख्येने आजही उपलब्ध आहेत. त्यांचे कारण असे की, १८५८ सालापर्यंत मृत्युपत्रे शाबीत करण्याचे काम चर्चच्या न्यायालयांकडे होते आणि ही न्यायालये कागद जपून ठेवीत. बहुतेक मृत्युपत्रे मरणाच्या बिछान्यावरच लिहिली जात. गावचा धर्मोपदेशक किंवा चार अक्षरे येणारा एखादा शेजारी लेखक होई. प्रारंभी आत्मा ईश्वराच्या आणि देह मातीच्या स्वाधीन केला जाई. थोडेफार द्रव्य गावच्या गोरगरिबांसाठी ठेवले जाई. मग खरा विषय येई.

हा खरा विषय साधारणपणे पुढीलप्रमाणे मांडलेला असे. घर आणि शेत थोरल्या मुलाला; मात्र त्याने धाकट्या भावाला एकविसावे वर्ष लागताच अमुक पौंड द्यावेत, बहिणीला तिच्या लग्नाच्या वेळी किंवा एकविसाव्या वर्षी तमुक पौंड द्यावेत. बाप वाटणी करी ती अशी. पण त्याच्या पेटीत एवढी रोकड क्वचितच असे. ती पुढील काही वर्षांत शेतातून निघावयाची होती. म्हणजे थोरल्याच्या पदरात शेत पडे, त्याचबरोबर भावंडांचे देणेही पडे. एखाद्या धाकट्याला दुसरीकडे विकत घेतलेला जमिनीचा तुकडा मिळे, दुसऱ्याला शहरात एखाद्या कसबी कारागिराकडे उमेदवारीस ठेवण्याची तजवीज केलेली असे. मुलींच्या वाट्याला बिछाना, पितळेची भांडी, कथलाच्या थाळ्या, एखादी गाय किंवा काही मेंढ्या येत. या वस्तू आज क्षुल्लक वाटतील. परंतु त्यांच्यावरच मुलीचा नवा संसार उभा राहात असे.

विधवेची व्यवस्था हा या मृत्युपत्रांतील सर्वांत नाजूक भाग होय. पतीच्या जमिनीपैकी एक-तृतीयांश जमिनीचे उत्पन्न तहहयात घेण्याचा तिला कायद्याने हक्क होता. पण व्यवहारात पती पुष्कळदा याहून बारीक तपशील ठरवून देई. घरातील अमुक खोली तिची, चुलीपाशी तिला जागा असावी, तिला जळणासाठी लाकूड मिळावे, तिची गाय कुरणात चरू द्यावी, बागेतील काही फळे तिला असावीत. अशा कलमांत मायेइतकीच दूरदृष्टीही आहे. मुलाचे लग्न झाल्यावर घराची धनीण बदलणार आणि मग म्हाताऱ्या आईला शब्दाशब्दाने आपला हक्क मागावा लागू नये, याची मरणाऱ्याला काळजी असे. विधवेने पुनर्विवाह केल्यास या सवलती बंद व्हाव्यात, अशी अटही कित्येकदा घातलेली आढळते. कारण दुसऱ्या नवऱ्याच्या हाती पहिल्या घराची मिळकत जाऊ नये, हा हेतू.

या सर्व व्यवस्थेला गावाची साक्ष असे. मालक वारला की दोन-चार शेजारी घरात येऊन मालमत्तेची यादी करीत. प्रथम मृताचे कपडे व थैलीतील पैसे, मग खोलीखोलीतील सामान, मग कोठारातील धान्य, गोठ्यातील गुरे, अशी सर्वांची किंमत ठरवून ती यादी न्यायालयात दाखल होई. ‘कॉपीहोल्ड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जमिनींना याहून वेगळा विधी लागे. ही जमीन ‘मॅनर’च्या, म्हणजे जमीनदाराच्या अधिकारक्षेत्राच्या, रूढीप्रमाणे धारण केलेली असे, आणि जमीनदाराच्या कचेरीतील दफ्तराची नक्कल हाच तिचा पुरावा असे. वारसाने त्या कचेरीत हजर व्हावे, नजराणा भरावा, आणि मग दफ्तरात त्याचे नाव चढावे, असा रिवाज होता. कित्येक ठिकाणी मृताच्या गोठ्यातील सर्वांत चांगले जनावर जमीनदाराला द्यावे लागे. दुःखाच्या त्याच आठवड्यात घरातील उत्तम बैल दावणीतून सोडून नेला जाई.

हे सर्व नियम एका घराण्यात कसे वागले ते पाहू. लिंकनशायर परगण्यात वूल्सथॉर्प नावाचे खेडे आहे. तेथे न्यूटन नावाचे योमन घराणे पायरीपायरीने वर चढत होते. रॉबर्ट न्यूटनने १६२३ साली तेथील मॅनर विकत घेतले आणि १६३९ साली मुलगा आयझॅक याच्या ठरलेल्या विवाहाच्या निमित्ताने ते त्याच्या नावे करून दिले. म्हणजे बापाने मरणाची वाट न पाहता हयातीतच वारसा दिला. योमन घराण्यांत लग्न हाच पुष्कळदा वारशाचा मुहूर्त असे. वधू हॅना हिनेही माहेराहून वर्षाला सुमारे ५० पौंड उत्पन्नाची मिळकत आणली. १६४२ च्या एप्रिलमध्ये लग्न झाले आणि ऑक्टोबरात नवरा वारला. त्याला स्वतःची सहीसुद्धा करता येत नव्हती. परंतु त्याच्या मालमत्तेच्या यादीत २३४ मेंढ्या आणि ४६ गुरे होती. त्याच वर्षीच्या नाताळात हॅनाला मुलगा झाला. त्याचे नाव वडिलांचेच ठेवले: आयझॅक न्यूटन.

हा मुलगा तीन वर्षांचा असताना हॅनाने एका वृद्ध धर्मोपदेशकाशी पुनर्विवाह केला. मुलगा आजीकडे राहिला. पण या विवाहापूर्वी मुलाच्या हिताचा करार झाला होता. सावत्र वडिलांनी त्याच्या नावे जमिनीचा एक तुकडा करून दिला. पुढे हॅना पुन्हा विधवा होऊन दुसऱ्या नवऱ्याची तीन मुले घेऊन वूल्सथॉर्पला परतली, आणि थोरल्याने आता शेत सांभाळावे म्हणून तिने त्याला शाळेतून काढले. मुलाचे लक्ष मेंढ्यांकडे नव्हते. मामाने व शाळामास्तरांनी आग्रह धरला म्हणून तो परत शाळेत गेला आणि १६६१ मध्ये केंब्रिजला पोहोचला. त्या दिवसांत आईचा हट्ट टिकला असता, तर जगाला कदाचित एक सामान्य शेतकरी मिळाला असता. ज्या नियमाने थोरल्याला शेत दिले, तोच नियम त्याला शेताशी जखडून ठेवू पाहात होता.

न्यूटन १७२७ साली वारला तो अविवाहित, आणि मृत्युपत्र न करता. तेव्हा कायद्याने त्याच्या दौलतीचे दोन भाग केले. सुमारे ३२,००० पौंडांची जंगम मालमत्ता त्याच्या सावत्र भावंडांच्या आठ मुलामुलींना समान वाटून मिळाली. ही माणसे त्याच्या सहवासातली होती. एका भाचीने तर लंडनमध्ये त्याचे घर सांभाळले होते. परंतु वूल्सथॉर्पच्या जमिनीतील तसूभरही त्यांना मिळाली नाही. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे सावत्र रक्ताला जमिनीचा वारसा नव्हता. ही आडकाठी १८३३ च्या कायद्याने उठली. जमीन गेली ती वडिलांच्या भावाच्या वंशातील जॉन न्यूटन नामक एका दूरच्या नातलगाकडे. आणि त्याने थोड्याच वर्षांत ती विकून टाकली. जमीन घराण्यात राहावी म्हणून जो नियम शतकानुशतके पाळला गेला, त्याच नियमाने ती अशा हातांत पडली की घराण्याचा तिच्याशी संबंधच सुटला.

ही गोष्ट केवळ एका थोर पुरुषाच्या घरापुरती नव्हती. मार्गारेट स्पफर्ड या विदुषीने १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केंब्रिजशायरमधील तीन खेड्यांचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यातून असे दिसते की, बापांना धाकट्या मुलांना रिक्तहस्ते पाठवणे मानवत नसे. म्हणून ते शेतावर रोख देण्यांचा भार टाकीत. चांगल्या वर्षी हा भार पेलला जाई. पण १५९० नंतरच्या दशकाप्रमाणे पिके लागोपाठ बुडाली, की भावंडांचे देणे फेडण्यासाठी वारस कर्जात बुडे, आणि शेत शेजारच्या मोठ्या शेतकऱ्याच्या घशात जाई. मायेपोटी केलेली वाटणीच कधी कधी घर मोडण्यास कारण होई.

१ जानेवारी १९२६ पासून इंग्लंडमधील हा जुना वारसाधर्म इतिहासजमा झाला. थोरल्या मुलाचा अग्रहक्क, केंटची समान वाटणी, धाकट्याचा वारसा आणि कॉपीहोल्ड, सारेच एकदम गेले. परंतु त्यामागील पेच गेलेला नाही. आपल्याकडे समान वाटणीमुळे शेतांचे तुकडे पडत गेले आणि मुंबई राज्याला १९४७ मध्ये तुकडेबंदीचा कायदा करावा लागला. तिकडे शेत अखंड राखण्याच्या धडपडीत ते कर्जात रुतले. वाटा निरनिराळ्या होत्या, दुखणे एकच होते. जमीन वाढत नाही आणि माणसे वाढतात. त्या इंग्रज योमनाने मरणशय्येवरून थोरल्याला शेत दिले, धाकट्याला पैसे, मुलीला गाय आणि पत्नीला चुलीजवळची जागा. आपल्या चार-पाच बिघ्यांतून सर्वांना न्याय देण्याची ती धडपड होती. न्याय पुरा होणे शक्य नव्हते, हे त्यालाही ठाऊक असावे. पण त्याने कोणाचेही नाव वगळले नाही, हे त्या जुन्या कागदांतून वाचताना आजही मन हेलावते.