वायपर आपोआप फिरतोय? बीसीएम बदलण्याआधी हे वाचा

वायपर मध्येच सुरू होतो, काचा अडकतात, रात्रभरात बॅटरी उतरते. जुन्या गाडीत असं झालं की गॅरेजमधून उत्तर येतं, "बीसीएम गेलं, बदलावं लागेल." पण हे बीसीएम म्हणजे काय?

बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल. लाइट, इंडिकेटर, वायपर, काचा, सेंट्रल लॉकिंग सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर. अनेक गाड्यांत चोरी रोखणारा इमोबिलायझरही त्याच्याशी जोडलेला असतो.

मात्र दोष दरवेळी त्याचाच नसतो. आधी बॅटरी तपासा. चार्ज झालेली बॅटरी इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. मग फ्यूज, अर्थिंग आणि कनेक्टर पाहा. पावसाळ्यात पाणी शिरून पिनांवर हिरवट गंज चढतो. कधी कधी तो साफ केल्यावरच काम भागतं.

बदलायचंच ठरलं, तर पार्ट नंबर जुळवून घ्या. भंगारातलं मॉड्यूल स्वस्त पडतं, पण त्यात ज्या गाडीतून ते काढलं तिची माहिती साठवलेली असू शकते. कोडिंग आणि चाव्यांची नोंदणी झाली नाही, तर गाडी सुरूच न होण्याची शक्यता असते.

म्हणून पैसे देण्याआधी नक्की विचारा, "कोडिंग करून देणार ना?"