बिघाड पंपाचा की हवेचा?

मालाने भरलेला ट्रक घाट चढत असतो. त्याची ताकद हळूहळू कमी होते, इंजिनाचा आवाज खालीवर होऊ लागतो आणि शेवटी ते बंद पडते. ड्रायव्हर खाली उतरून इंजिनाच्या बाजूचा छोटा हातपंप दहावीस वेळा दाबतो. ट्रक सुरू होतो आणि दोनचार किलोमीटरवर पुन्हा थांबतो. अशा वेळी हमखास ऐकू येणारे निदान म्हणजे ‘पंप गेला’. पंप बदलला जातो. कधी गाडी सुधारते, कधी खर्च होऊनही तक्रार तशीच राहते.

पंप खरोखरच गेला आहे का, हे तो बदलण्यापूर्वी ठरवता येईल का? येईल. त्यासाठी लागणारे बहुतेक विज्ञान माध्यमिक शाळेच्या पुस्तकातले आहे. येथे आपण जुन्या पद्धतीच्या, एका रांगेत प्लंजर असलेल्या पंपाचा विचार करणार आहोत. बॉश कंपनीने १९२७ मध्ये अशा पंपांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. जुन्या ट्रकांवर आणि ट्रॅक्टरांवर ते आजही दिसतात.

दोन पंप, दोन कामे

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमधील हवा जोराने दाबली की ती ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते. या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की ते आपोआप पेटते. दाबलेल्या हवेत फवारा घुसवायचा तर डिझेलचा दाब प्रचंड हवा. नोझल उघडण्यासाठी साधारण २०० बार, म्हणजे वातावरणाच्या जवळजवळ २०० पट दाब लागतो. हे काम मुख्य पंपाचे, म्हणजे इंजेक्शन पंपाचे.

पण टाकीतील डिझेल या पंपापर्यंत आणणार कोण? त्यासाठी त्याच्याच अंगावर एक लहान फीड पंप बसवलेला असतो. त्यात एक दट्ट्या, एक स्प्रिंग आणि डिझेलला एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या दोन झडपा असतात. तो टाकीतून डिझेल घेतो आणि एक-दोन बार दाबाने फिल्टरमधून पुढे ढकलतो. ड्रायव्हर दाबतो तो हातपंप याच फीड पंपावर असतो.

आपण म्हणतो, ‘पंप डिझेल ओढतो’. खरे तर पंप फक्त आपल्या बाजूचा दाब कमी करतो. डिझेलला वर ढकलतो तो टाकीतील डिझेलवर असलेला वातावरणाचा दाब. हे लक्षात ठेवले की पुढचे निदान सोपे होते.

एका बुडबुड्याची करामत

इंजेक्शन पंप एका वेळी किती डिझेल सोडतो? हिशोब करू. समजा, सहा सिलिंडरचा ट्रक ताशी ४० किलोमीटर वेगाने चालला आहे आणि लिटरला ४ किलोमीटर जातो. म्हणजे तासाला १० लिटर डिझेल लागते. इंजिनाचे मिनिटाला १५०० फेरे होत असतील, तर चार धावांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला मिनिटाला ७५० फवारे मिळतात. सहा सिलिंडरांचे तासाला २,७०,००० फवारे झाले. १० लिटरना या संख्येने भागले की एका फवाऱ्याला सुमारे ३७ घन मिलिमीटर डिझेल येते. पाण्याचा नेहमीचा थेंब साधारण ५० घन मिलिमीटरचा असतो. म्हणजे एका वेळचे डिझेल एका थेंबाहूनही कमी!

आता नोझलकडे जाणाऱ्या नळीत थेंबाएवढा, म्हणजे ५० घन मिलिमीटरचा हवेचा बुडबुडा अडकला असे समजा. प्लंजरने ३७ घन मिलिमीटर डिझेल पुढे ढकलले की बुडबुडा आक्रसून १३ घन मिलिमीटरचा होतो. बॉइलच्या नियमानुसार त्याचा दाब जेमतेम चौपट होईल. हवे होते २०० पट! नोझल उघडतच नाही. प्लंजर मागे गेला की बुडबुडा पुन्हा फुगतो. ‘गाडीने एअर धरली’ असे मेकॅनिक म्हणतात, त्याचा अर्थ हा.

तेव्हा ताकद जाण्याची कारणे अनेक असू शकतात: टाकीला हवा न मिळणे, टाकीतील जाळी किंवा नळी तुंबणे, नळीत बाहेरची हवा शिरणे, फिल्टर चोंदणे किंवा पंप खराब होणे. सगळ्यांची लक्षणे मात्र सारखीच.

निदानाच्या पायऱ्या

प्रथम धूर पाहावा. ताकद कमी आणि धूर काळाकुट्ट, तर डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आहे. एअर फिल्टर तपासावा. ताकद कमी आणि काळा धूरही नाही, तर डिझेल कमी पोहोचत असण्याचा संभव जास्त.

मग टाकीचे झाकण सैल करून पाहावे. झाकणाचे हवेचे बारीक छिद्र बुजले असेल, तर डिझेल संपत जाते तशी टाकीत पोकळी होते आणि ढकलणारा दाबच उरत नाही. झाकण सैल करताच हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि गाडी सुधारली, तर दोष सापडला.

तिसरी पायरी हातपंपाची. फिल्टरवरचा हवा सोडण्याचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा. सुरुवातीला बुडबुडे येतील. थोड्या वेळाने स्वच्छ धार लागली तर ठीक. बुडबुडे थांबतच नसतील, तर टाकी आणि पंप यांच्यामध्ये कोठेतरी हवा आत शिरते आहे. येथे एक गंमत आहे. पंपाच्या पुढे गळती असेल तर डिझेल बाहेर ठिबकते, कारण आत दाब जास्त असतो. पंपाच्या मागे, ओढण्याच्या बाजूला आत दाब कमी असतो. तेथे डिझेल ठिबकण्याऐवजी बाहेरची हवा आत जाते. म्हणून ‘कोठे गळत नाही’ एवढ्यावरून नळी निर्दोष ठरत नाही.

चौथी पायरी निर्णायक आहे. टाकीकडून येणारी नळी सोडवून पंपाला स्वच्छ डिझेलच्या डब्यातून दुसरी, खात्रीची नळी द्यावी. गाडी व्यवस्थित चालली, तर पंप चांगला. दोष टाकीत किंवा जुन्या नळीत. मात्र डबा टाकीच्याच पातळीवर ठेवावा. तो वर ठेवला तर डिझेल आपोआप उतरेल आणि दुबळा पंपही निर्दोष सुटेल. सुधारणा झाली नाही, तर फिल्टरच्या अलीकडची आणि पलीकडची धार तुलनेने पाहावी. अलीकडे जोरदार आणि पलीकडे मंद असेल, तर फिल्टर चोंदला आहे. अलीकडेच मंद असेल, तर मात्र फीड पंपावर बोट ठेवता येते. दाबमापक लावून आलेला आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेशी ताडून पाहिला की खात्री होते.

पंप बदलताना

इंजिन थंड आणि बंद असावे, चाकांना ओट लावावी, जवळपास विडी-सिगारेट नको. प्रथम पंपाचा बाहेरचा भाग स्वच्छ पुसावा, कारण इंजेक्शन पंपाचा प्लंजर आणि त्याचे नळकांडे यांतील फट मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढीच असते. धुळीचा कणही तेथे घातक ठरतो. नळ्या सोडवून त्यांची तोंडे बंद करावीत. आतल्या स्प्रिंगचा जोर असल्याने नट थोडे थोडे, समान सैल करावेत. जुन्या गॅस्केटचे अवशेष खरवडून त्याच जाडीचे नवे गॅस्केट घालावे. तांब्याचे वॉशरही नवेच हवेत. पंप बसवल्यावर हातपंपाने सर्व हवा काढावी.

इंजेक्शन पंप बिघडला असेल, तर तो रस्त्यात उघडू नये. प्रत्येक प्लंजर सारखेच डिझेल देतो ना, हे खास यंत्रावर तपासावे लागते. सुरू इंजिनाची नोझलची नळी सैल करून हात लावणे धोक्याचे आहे. एवढ्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते. भारत स्टेज ६ चे नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. त्यानंतरच्या कॉमन रेल पद्धतीच्या ट्रकांत दाब १००० बारहून कितीतरी जास्त असतो. तेथे हे काम प्रशिक्षित माणसाचेच.

वर्गात काय करता येईल?

दोन सोपे प्रयोग मुलांकडून करून घ्यावेत. सरबत पिण्याच्या नळीला पाण्याच्या पातळीच्या वर टाचणीने भोक पाडावे आणि पाणी ओढून पाहावे. बुडबुडे येतील, पण ओढत असताना भोकातून पाणी बाहेर येणार नाही. दुसऱ्या प्रयोगात काचेच्या बाटलीच्या बुचातून नळी घालून बूच मेणाने हवाबंद करावे. एकदोन घोट पाणी येईल, मग थांबेल. बुचाला भोक पाडताच पाणी पुन्हा येऊ लागेल.

मग वर्गाला एक प्रश्न विचारावा. मेकॅनिकने पंप बदलला आणि गाडी सुधारली. म्हणजे दोष पंपातच होता, असे सिद्ध झाले का? मुले पटकन ‘हो’ म्हणतील. पण पंप बदलताना वॉशरही नवे बसले, नळ्या पुन्हा घट्ट झाल्या आणि आतली हवाही निघाली. चार गोष्टी एकदम बदलल्यावर श्रेय कोणाला द्यायचे? एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बाकीच्या तशाच ठेवाव्यात, हा नियम प्रयोगशाळेत आपण शिकवतो. घाटात अडकलेल्या ड्रायव्हरला तोच नियम पाळला तर पंपाच्या किमतीऐवजी एका वॉशरच्या किमतीत पुढे जाता येते.