गिअर मोटर जळाली? रिवाइंडिंगला टाकण्याआधी कारण शोधा

धानाच्या हंगामात एलिव्हेटर थांबला की अख्खी राईस मिल थांबते. मोटर, गिअर बॉक्स आणि वीजपुरवठ्यातील नेहमीचे बिघाड कसे ओळखायचे?

अड्याळ (ता. पवनी) : दिवाळीच्या सुमारास धानाची कापणी आणि मळणी सुरू झाली की भंडारा जिल्ह्यातील राईस मिलना उसंत नसते. शेतकऱ्यांचे घरचे धान असते, शिवाय आधारभूत केंद्रांवर खरेदी झालेल्या सरकारी धानाची भरडाईही असते. त्यात एका क्विंटल धानामागे ६७ किलो कच्चा तांदूळ जमा करावा लागतो. अशा वेळी एखादी लहानशी गिअर मोटर बंद पडली, तर पुढची सगळी यंत्रे रिकामी फिरतात. मग घाईघाईत मोटर रिवाइंडिंगला जाते, परत येते, बसवली जाते आणि अनेकदा काही दिवसांत पुन्हा जळते. मोटर बदलली, पण तिला जाळणारे कारण जागेवरच राहिले, एवढाच त्याचा अर्थ असतो.

गिअर मोटर नेमके काय करते?

साधी चार पोलची मोटर मिनिटाला सुमारे १४४० फेरे फिरते. एलिव्हेटर किंवा स्क्रू कन्व्हेयरला एवढा वेग नको असतो, त्याला ताकद हवी असते. म्हणून मोटरला गिअर बॉक्स जोडतात. गिअरचे प्रमाण ३० असेल तर १४४० चे ४८ फेरे होतात आणि शाफ्टची पिळण्याची ताकद त्या पटीत वाढते. थोडी गिअरमधील घर्षणात जाते. हेच तत्त्व मोठ्या कामातही वापरतात. पवनी तालुक्यातीलच गोसेखुर्द धरणाला ३३ दरवाजे आहेत. असे अवजड दरवाजे मोटर आणि गिअरच्या साहाय्यानेच सावकाश उचलले जातात.

हात घालण्याआधी

एलिव्हेटर अडकला की तळाचे झाकण काढून हाताने धान उपसण्याची घाई होते. बोटे जातात ती याच वेळी. फक्त स्टार्टरचे लाल बटण दाबणे पुरेसे नाही. मेन स्विच बंद करावा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावेत किंवा स्विचला कुलूप लावावे आणि काम सुरू असल्याची पाटी अडकवावी. वीज बंद असली तरी भरलेल्या बकेटांच्या वजनाने पट्टा उलटा सरकू शकतो, त्यामुळे तो आधी अडवून घ्यावा. शेतातील पंपाला लावतात तसा ऑटो स्विच मिलच्या यंत्रांना लावू नये. गेलेली वीज परत येताच यंत्र आपोआप सुरू झाले, तर झाकणात हात असलेल्या मजुराला सावध व्हायला वेळच मिळत नाही.

मोटर गुणगुणते, पण फिरत नाही

याची मुख्य कारणे तीन. पहिले, एक फेज गेलेला असतो. डीपीवरचा फ्यूज उडणे, स्टार्टरचा एखादा कॉन्टॅक्ट जळणे किंवा टर्मिनलचा नट ढिला होणे, यांपैकी काहीही असू शकते. दुसरे, यंत्र अडकलेले असते. एलिव्हेटरच्या तळात धान साचते, सुतळी किंवा पोत्याचा तुकडा शाफ्टला गुंडाळला जातो. तिसरे, ब्रेक असलेल्या मोटरचा ब्रेक सुटत नाही.

वीज बंद करून चेन किंवा कपलिंग काढावे आणि वायरमनकडून मोटर रिकामी चालवून पाहावी. रिकामी नीट चालली तर दोष बहुधा यंत्रात असतो. रिकामीही नुसती गुणगुणली, तर आधी पुरवठा तपासावा. पुन्हा पुन्हा स्टार्टर दाबून पाहणे सर्वांत वाईट. सुरू होताना मोटर नेहमीच्या सहा-सात पट करंट घेते आणि प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात वाइंडिंग आणखी तापते.

व्होल्टेज आहे, तरीही मोटर तापते

तीनही फेजमध्ये वीज असणे आणि ती सारखी असणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. समजा तीन फेजमधील मोजमाप ४२०, ४१५ आणि ३९५ व्होल्ट आले. सरासरी ४१० होते आणि सर्वांत मोठा फरक १५ व्होल्टचा, म्हणजे साडेतीन टक्क्यांहून थोडा अधिक. हा फरक किरकोळ वाटतो. पण व्होल्टेजमधील असमतोलाच्या सहा ते दहा पट असमतोल करंटमध्ये येऊ शकतो. फरक एक टक्क्यापुढे गेला की मोटरवरचा भार कमी करावा आणि पाच टक्क्यांपुढे ती चालवूच नये, असा संकेत आहे. मोजमाप मोटर भारावर असताना टर्मिनलजवळ करावे आणि ते प्रशिक्षित वायरमननेच करावे.

दुसरे कारण हवा. बहुतेक मोटरी ४० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेसाठी बनवलेल्या असतात. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि पत्र्याच्या शेडखाली उष्मा त्याहून अधिक असतो. त्यातच कोंडा आणि तुसाची धूळ मोटरच्या पंखांवर गोधडीसारखी बसते. वाइंडिंगचे तापमान मर्यादेपेक्षा १० अंशांनी वाढले की इन्सुलेशनचे आयुष्य साधारण निम्मे होते. म्हणून रोज मिल बंद झाल्यावर मोटरवरची धूळ झाडणे, हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

जळालेली मोटर कारण सांगते

रिवाइंडिंगवाला जुनी तार काढून टाकण्याआधी उघडलेल्या मोटरचा मोबाइलवर फोटो काढून घ्यावा. सगळे वाइंडिंग सारखेच काळे पडले असेल, तर जादा भार, कमी व्होल्टेज किंवा थंड हवेचा अभाव, हे कारण असते. काही कॉइल काळ्या आणि काही कोऱ्या, असा ठरावीक अंतराने पट्टा दिसला, तर मोटर दोन फेजवर चाललेली असते. स्टार जोडणीत दोन फेज जळतात आणि एक वाचतो. डेल्टात एक जळतो आणि दोन वाचतात. एकाच ठिकाणी छोटा जळका डाग असेल, तर तिथले इन्सुलेशन खरचटलेले, ओले झालेले किंवा विजेच्या झटक्याने फुटलेले असू शकते.

दोन फेजवर जळालेली मोटर कितीही चांगली भरली, तरी सिंगल फेज प्रिव्हेंटरशिवाय ती पुन्हा जळू शकते. ओव्हरलोड रिले मोटरच्या पाटीवर लिहिलेल्या करंटशी जुळवून ठेवावा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिलेच्या जागेनुसार हा आकडा बदलतो. रिले सारखा ट्रिप होतो म्हणून त्याचा आकडा वाढवणे म्हणजे चोर आल्यावर भुंकणाऱ्या कुत्र्यालाच बांधून ठेवणे.

गिअर बॉक्समधून तेल गळते, आवाज येतो

गळती दिसली की ऑइल सील बदलले जाते. त्याआधी वरचा ब्रीदर पाहावा. कोंड्याने तो बुजला असेल, तर आत तापलेली हवा बाहेर जाऊ शकत नाही आणि तेलाला सीलमधून ढकलते. तेल जास्त भरले तरी असेच होते. शिवाय जास्त तेल घुसळले जाऊन गिअर बॉक्स तापतो. आडवी आणि उभी बसवलेल्या मोटरची तेलाची पातळी वेगळी असते, हेही विसरू नये.

वर्म गिअरमध्ये सहसा ब्राँझचे चाक असते. काढलेल्या तेलात सोनेरी कण चमकले, तर ते चाक झिजत आहे. काही गिअर तेलांतील गंधकाची रसायने ब्राँझला खातात. पॉलीग्लायकॉल प्रकारचे सिंथेटिक तेल साध्या खनिज तेलात मिसळत नाही. म्हणून ‘जे मिळाले ते ओतले’ असे न करता पाटीवर किंवा पुस्तिकेत लिहिलेलेच तेल वापरावे.

आवाजातही फरक असतो. प्रत्येक फेऱ्याला एकदा टक वाजत असेल, तर दात तुटलेला असू शकतो. सततची घरघर बेअरिंगकडे बोट दाखवते. पट्टा किंवा चेन फार ताणली, किंवा स्प्रॉकेट शाफ्टच्या टोकाला बसवले, तर बेअरिंगवर भलताच भार येतो.

लाइन दुरुस्त झाली आणि एलिव्हेटर उलटा फिरला

लाइनचे किंवा डीपीचे काम झाल्यावर दोन फेजची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते. त्यामुळे एलिव्हेटरमधील उलटफेर रोखणारा भाग तुटू शकतो. अशा कामानंतर यंत्रावर माल सोडण्याआधी क्षणभर चालवून दिशा पाहावी. फेज सिक्वेन्स रिले असेल तर हा धोका टळतो.

हंगामाआधी एवढे करा

प्रत्येक मोटर आणि गिअर बॉक्सच्या पाटीचा स्पष्ट फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. किलोवॅट, फेरे, गिअरचे प्रमाण आणि बसवण्याची पद्धत त्यावर असते. सुटा भाग मागवताना दुकानदार हेच विचारतो. पावसाळाभर बंद राहिलेल्या मोटरचे इन्सुलेशन मेगरने तपासून घ्यावे. ते एक मेगाओमपेक्षा कमी आले, तर मोटर वाळवून पुन्हा तपासल्याशिवाय सुरू करू नये. यंत्र नीट चालत असताना तीनही फेजचा करंट भिंतीवर लिहून ठेवावा. नोव्हेंबरमध्ये आठ अँपिअर घेणारी मोटर जानेवारीत दहा घेऊ लागली, तर ती जळण्याआधीच काहीतरी सांगत असते.