डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील स्त्रियांची एक राष्ट्रव्यापी वंशाधिष्ठित संस्था. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात (१७७५–८३) वसाहतींच्या बाजूने लढलेल्या किंवा त्या कार्यास अन्य प्रकारे साहाय्य केलेल्या व्यक्तींच्या स्त्री-वंशजांनी ती ११ ऑक्टोबर १८९० रोजी वॉशिंग्टन येथे स्थापन केली. ‘डी. ए. आर.’ या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. संस्थेचे मुख्यालय वॉशिंग्टन येथे असले, तरी तिचा नित्याचा व्यवहार गावोगावच्या शाखांतून चालतो. सदस्यत्वाच्या अर्जाचा पहिला विचार शाखेतच होत असल्याने क्रांतीचा वारसा कोणाचा, हा प्रश्नही प्रथम शाखांपुढेच उभा राहिला.

स्थापना : स्वातंत्र्ययुद्धाच्या शताब्दीनंतर अमेरिकेत पूर्वजांच्या स्मृती जतन करण्याची लाट उसळली. यादवी युद्धाच्या जखमा, औद्योगिकीकरण आणि यूरोपातून येणारे लक्षावधी स्थलांतरित यांमुळे जुन्या घराण्यांना आपले मूळ अधोरेखित करण्याची गरज भासू लागली. १८८९ मध्ये क्रांतिकारकांच्या पुरुष-वंशजांनी ‘सन्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ ही संस्था काढली. पुढील वर्षी या संस्थेने स्त्रियांना सदस्यत्व नाकारले. त्यावर मेरी स्मिथ लॉकवुड यांनी १३ जुलै १८९० च्या वॉशिंग्टन पोस्ट या दैनिकात पत्र लिहून, न्यू जर्सीतील हॅना आर्नेट या स्त्रीची हकिकत पुढे मांडली. ब्रिटिशांचे अभय स्वीकारण्यास निघालेल्या आपल्या पतीला व त्याच्या सहकाऱ्यांना तिने १७७६ मध्ये परावृत्त केले होते. क्रांतीत स्त्रियांचाही वाटा असताना तिच्या स्मारकसंस्थेत त्यांना स्थान का नसावे, असा या पत्राचा रोख होता. लॉकवुड, मेरी डेशा, एलेन हार्डिन वॉलवर्थ व यूजिनिया वॉशिंग्टन या चौघी संस्थेच्या संस्थापिका मानल्या जातात. संघटनेच्या पहिल्या सभेस अठरा स्त्रिया व चार पुरुष उपस्थित होते. राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांच्या पत्नी कॅरोलाइन हॅरिसन या पहिल्या अध्यक्षा झाल्या. १८९६ मध्ये काँग्रेसने संस्थेला सनद दिली.

शाखांची रचना : पहिली शाखा २० मार्च १८९१ रोजी शिकागो येथे निघाली, तर दुसरी त्याच वर्षी १५ एप्रिलला अटलांटा येथे. शाखेच्या प्रमुखाला ‘रीजंट’ म्हणतात. शाखांवर राज्यपातळीवरील संघटना व तिच्यावर राष्ट्रीय मंडळ अशी उतरंड असून, ‘काँटिनेंटल काँग्रेस’ या नावाचे वार्षिक अधिवेशन वॉशिंग्टनमध्ये भरते. शाखांना बहुधा स्थानिक क्रांतिवीर, एखादी धाडसी स्त्री, जुना किल्ला किंवा नदी यांची नावे दिलेली आढळतात. हातचरखा हे संस्थेचे बोधचिन्ह होय.

शाखांनी केलेले काम बरेचसे शांतपणे चालणारे, परंतु चिरस्थायी आहे. स्वातंत्र्यसैनिकांच्या थडग्यांचा शोध घेऊन त्यांवर खुणेच्या पाट्या बसविणे, जुन्या घरांचे जतन करणे, स्मारके उभारणे, शाळांतून इतिहासविषयक स्पर्धा भरविणे ही कामे त्यांनी केली. याहून महत्त्वाचे काम म्हणजे चर्चच्या नोंदवह्या, दफनभूमींतील शिलालेख, घरगुती बायबलांच्या कोऱ्या पानांवर लिहिलेल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि न्यायालयांतील मृत्युपत्रे यांच्या नकला करणे. मूळ कागद जळाल्यावर वा कुजल्यावर पुष्कळ ठिकाणी या नकलाच मागे उरल्या. त्यांचा मोठा संग्रह वॉशिंग्टनच्या ग्रंथालयात आहे. स्वातंत्र्यसैनिकांच्या प्रत्यक्ष कन्या असलेल्या ७६७ वृद्ध स्त्रियांचाही सदस्यांत समावेश होता.

वंशसिद्धी : इच्छुक स्त्रीचे वय किमान अठरा वर्षे असावे लागते, आणि तिला एखाद्या क्रांतिकारकापर्यंत आपला थेट रक्तसंबंध सिद्ध करावा लागतो. क्रांतिकारक म्हणजे केवळ सैनिक नव्हे. राजनिष्ठेऐवजी नव्या राज्याशी निष्ठेची शपथ घेणारा, सैन्याला धान्य वा गुरे पुरविणारा, विशिष्ट कर भरणारा किंवा स्थानिक समितीवर काम करणारा नागरिकही त्यात मोडतो. प्रत्येक पिढीचा जन्म, विवाह व मृत्यू आणि दोन पिढ्यांमधील दुवा यांसाठी कागदोपत्री पुरावा लागतो. घराण्यातील परंपरागत आख्यायिका पुरावा म्हणून ग्राह्य धरली जात नाही.

महाराष्ट्रातील पारंपरिक कुलवृत्तांत पित्याकडून पुत्राकडे जाणाऱ्या शाखांवर आधारलेले असतात. या संस्थेत मात्र आईच्या, आजीच्या वा पणजीच्या बाजूने सिद्ध होणारा वंशही तितकाच ग्राह्य मानला जातो. स्त्रीमताधिकाराच्या चळवळीतील नेत्या सूझन बी. अँथनी या रॉचेस्टर येथील शाखेच्या सदस्या होत्या. त्यांचे स्वातंत्र्ययुद्धात लढलेले पूर्वज डॅनियल रीड हे त्यांच्या आईचे वडील होते.

परंतु कागद सर्वांचे सारखे नसतात. १८५० पूर्वीच्या अमेरिकन जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत. पत्नी व मुले यांची केवळ संख्या असे. १८५० व १८६० च्या गणनांतील गुलामांच्या याद्यांत मालकांची नावे आहेत, तर गुलामांची फक्त वये, लिंग व वर्ण. गुलामांच्या विवाहांना कायद्याची मान्यता नव्हती. स्वातंत्र्ययुद्धात वसाहतींच्या बाजूने सु. ५,००० कृष्णवर्णीय लढले, असे सामान्यतः मानले जाते. परंतु त्यांच्या वंशजांना पिढ्यांची साखळी कागदांनी जोडून दाखविणे या कारणांमुळे अत्यंत कठीण होते. दुसरा अडसर शाखांचा होता. अर्जाला शाखेतील सदस्यांची शिफारस व शाखेची मान्यता लागे. त्यामुळे पुरावा निर्दोष असूनही अर्ज शाखेतच अडकू शकत असे.

वादंग : पहिल्या महायुद्धानंतर संस्थेचे धोरण अधिकाधिक पुराणमतवादी बनले. शांततावादी व सुधारणावादी वक्त्यांना व्यासपीठ मिळू नये म्हणून त्यांच्या नावांच्या याद्या शाखांकडे धाडल्या जात. मॅसॅचूसेट्समधील एक सदस्या हेलन टफ्ट्स बेली यांनी १९२८ मध्ये ही गोष्ट उजेडात आणली. तेव्हा त्यांनाच संस्थेतून काढण्यात आले.

१९२९ मध्ये जॉन रसेल पोप या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यानुसार संस्थेने वॉशिंग्टनमध्ये ‘कॉन्स्टिट्यूशन हॉल’ हे विशाल सभागृह बांधले. पुढे तेथे केवळ गौरवर्णीय कलावंतांनाच कार्यक्रम करता येतील, असा नियम झाला. या नियमावर बोट ठेवून १९३९ मध्ये ख्यातनाम कृष्णवर्णीय गायिका मॅरियन अँडरसन यांच्या कार्यक्रमास सभागृह नाकारण्यात आले. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी निषेधार्थ सदस्यत्वाचा राजीनामा दिला. ९ एप्रिल १९३९ रोजी लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर अँडरसन यांचे गायन झाले, त्याला सु. ७५,००० श्रोते जमले होते. १९४३ मध्ये याच सभागृहात युद्धसाहाय्यार्थ त्यांचे गायन झाले. मात्र गौरवर्णीयांपुरता मर्यादित असलेला नियम १९५२ मध्ये रद्द झाला.

सदस्यत्वाचा प्रश्न याहून उशिरा सुटू लागला. १९७७ मध्ये मिशिगनमधील रॉयल ओक येथील एझ्रा पार्कर शाखेने कॅरन फार्मर यांना प्रवेश दिला. त्या संस्थेच्या पहिल्या ज्ञात कृष्णवर्णीय सदस्या होत. पेनसिल्व्हेनियातील विल्यम हूड या सैनिकापर्यंत त्यांनी आपली वंशावळ सिद्ध केली होती. याउलट लीना सँटोस फर्ग्युसन यांची वंशावळ निर्विवाद असूनही वॉशिंग्टनमधील शाखेत त्यांना प्रवेश मिळेना. १९८३ मध्ये त्यांना कोणत्याही शाखेशी संलग्न नसलेली सदस्या म्हणून घेण्यात आले. परंतु शाखेत प्रवेश व्हावा, ही त्यांची मागणी कायम राहिली. १९८४ मध्ये वृत्तपत्रांनी हे प्रकरण उचलून धरले आणि संस्थेची करसवलत काढून घेण्याची भाषा वॉशिंग्टनच्या नगरपरिषदेत सुरू झाली. त्याच वर्षी तडजोड झाली. फर्ग्युसन शाखेच्या सदस्या झाल्या, वंश वा धर्म यांवरून शाखांनी भेदभाव करू नये असा नियम करण्यात आला, आणि स्वातंत्र्ययुद्धातील कृष्णवर्णीय सैनिकांची नावे शोधून प्रसिद्ध करण्याचे संस्थेने मान्य केले.

या संशोधनातून सिद्ध झालेला फर्गॉटन पेट्रिअट्स हा ग्रंथ २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आफ्रिकी व मूळ अमेरिकी वंशांच्या ६,६०० हून अधिक व्यक्तींच्या नोंदी आहेत. लष्करी हजेरीपट, निवृत्तिवेतनाचे अर्ज, कराच्या याद्या यांसारखे जे कागद पूर्वी प्रवेश नाकारण्यास आधार ठरत, तेच आता प्रवेशाचा आधार झाले. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात निघालेल्या ‘इन्क्रीज कार्पेंटर’ शाखेच्या संस्थापक सदस्यांत अनेक कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या. या शाखेच्या संघटक विल्हेल्मिना ऱ्होड्स केली यांची २०१९ मध्ये संस्थेच्या राष्ट्रीय कार्यकारी मंडळावर निवड झाली. या मंडळावर निवडून आलेल्या त्या पहिल्या आफ्रिकी-अमेरिकी सदस्या होत.

मूल्यमापन : पुरुषांच्या संस्थेने दार बंद केल्यामुळे ही संस्था जन्मास आली आणि तिनेही दीर्घकाळ इतरांपुढे दार बंद ठेवले, हा तिच्या इतिहासातील ठळक अंतर्विरोध होय. पूर्वजांचे कर्तृत्व जन्माने मिळणारा मान समजावा की सर्व नागरिकांनी जपावयाची ठेव, याविषयी तिच्या शाखांत एकमत नव्हते. तथापि वंशसिद्धीसाठी पुराव्याचा आग्रह धरल्यामुळे तिच्या संग्रहात अशी साधने साठत गेली की, ज्यांच्या आधारे तिच्या जुन्या समजुती खोडून काढता आल्या. आज संस्थेच्या सु. ३,००० शाखा असून सदस्यांची संख्या सु. १,९०,००० आहे. स्थापनेपासून आजवर १० लाखांहून अधिक स्त्रियांनी तिचे सदस्यत्व स्वीकारले आहे. तिचे वॉशिंग्टन येथील ग्रंथालय अमेरिकेतील वंशावळविषयक अभ्यासाचे एक प्रमुख केंद्र मानले जाते.