रडीचा डाव की लिंबूटिंबूचा हक्क?

मराठीत 'रडीचा डाव' हा शब्दप्रयोग चांगलाच बोचरा आहे. विटीदांडूपासून पत्त्यांपर्यंत कोणत्याही खेळात जो नियम मोडून जिंकतो, त्याचा विजय आपण विजय मानीत नाही. व्हिडिओ गेममधील 'चीट कोड'कडेही बहुधा याच दृष्टीने पाहिले जाते. चीट कोड म्हणजे कळफलकावर टंकायचा एखादा सांकेतिक शब्द किंवा कळा दाबण्याचा ठराविक क्रम. तो वापरला की खेळाडूला अमर्याद आयुष्य, शस्त्रे वा पैसा मिळतो. ज्याच्या नावातच लबाडी आहे, त्याचे समर्थन करणे सुशिक्षित माणसाला अवघड वाटावे हे स्वाभाविक आहे. तथापि ही लबाडी नेमकी कोणाशी आणि तिने कोणाचे काय हिरावले जाते, हे दोन प्रश्न विचारल्यावाचून निवाडा देणे न्यायाचे होणार नाही.

निर्मात्यांचीच सोय

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, यांतील बहुतेक युक्त्या खुद्द निर्मात्यांनीच खेळात ठेवलेल्या असतात. १९८६ साली जपानमधील कोनामी या कंपनीचा 'ग्रेडियस' हा खेळ निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रासाठी तयार होत होता. ते काम पाहणारे काझुहिसा हाशिमोतो यांना चाचणीसाठी तो स्वतः खेळणे भाग होते. परंतु खेळ त्यांनाच झेपेना. तेव्हा त्यांनी एक सोय करून ठेवली. वर, वर, खाली, खाली, डावी, उजवी, डावी, उजवी आणि शेवटी 'बी' व 'ए' या कळा दाबल्या की सारी शक्ती एकदम हाती यावी. विक्रीपूर्वी ही सोय काढून टाकायची राहून गेली आणि तिचा गवगवा झाला. पुढे १९८८ साली अमेरिकेत आलेल्या 'काँट्रा'मध्ये याच क्रमाने तीन जीवांचे तीस जीव होऊ लागले. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायची स्वस्त यंत्रे आपल्याकडे घरोघरी आली, तेव्हा हा 'काँट्रा' मराठी मुलांच्याही परिचयाचा झाला.

जो खेळ त्याच्या कर्त्यालाच पेलला नाही, तो ग्राहकाने मात्र निमूटपणे पेलावा, अशी अपेक्षा बाळगण्यात फारसा अर्थ नाही.

फसवणूक कोणाची?

नेदरलँड्सचे इतिहासकार योहान हायझिंगा यांनी १९३८ सालच्या 'होमो लुडेन्स' या ग्रंथात लबाड खेळाडू आणि खेळ उधळून लावणारा यांच्यात भेद केला आहे. लबाड खेळाडू निदान नियम पाळल्याचा आव तरी आणतो. खेळ उधळणारा खेळाचे जगच मोडून टाकतो. म्हणून समाज पहिल्याला तुलनेने सौम्यपणे वागवतो, असे त्यांचे निरीक्षण होते. पण आव आणायलाही समोर कोणी तरी असावे लागते. संगणकासमोर एकट्याने खेळणाऱ्याला प्रतिस्पर्धी नसतो. लबाडीला किमान दोन पक्ष लागतात. येथे एकच पक्ष आहे आणि त्याला सर्व काही ठाऊक आहे. एकट्याने 'पेशन्स'चा डाव लावणाऱ्याने एखादे पान उलटून पाहिले, तर त्याला कोणी पत्तेचोर म्हणत नाही.

अर्थात जेथे समोर दुसरी हाडामांसाची माणसे खेळत आहेत, तेथे हा युक्तिवाद लागू पडत नाही. इंटरनेटवरील सामन्यात आपोआप नेम धरणारी किंवा भिंतीपलीकडचे दाखवणारी आज्ञावली वापरणे म्हणजे दुसऱ्याचा वेळ आणि आनंद लुबाडणे होय. तो खरोखर रडीचा डाव आहे. प्रस्तुत विवेचन केवळ एकट्याच्या खेळापुरते आहे.

या भेदाचा एक पैलू न्यायालयातही गाजला. नव्वदच्या दशकारंभी 'गेम जिनी' नावाचे एक उपकरण बाजारात आले. ते यंत्र आणि खेळाची कॅसेट यांच्यामध्ये बसवले की खेळाडूला जीव, वेग वगैरे गोष्टी हव्या तशा बदलता येत. अमेरिकेतील त्याची विक्रेती गालूब ही कंपनी होती. आपल्या खेळांत असा फेरफार करणे म्हणजे स्वामित्वहक्काचा भंग होय, अशी निन्टेन्डोची तक्रार होती. १९९१ साली कॅलिफोर्नियातील न्यायालयाने आणि १९९२ साली अपील न्यायालयाने निकाल गालूबच्या बाजूने दिला. त्याचे सार असे की, एकदा योग्य मोल देऊन खेळ विकत घेतल्यावर घरी स्वतःच्या करमणुकीसाठी तो कसा खेळावा, हे ग्राहकाने ठरवायचे. अर्थशास्त्रात ज्याला आपण ग्राहकाचे सार्वभौमत्व म्हणतो, त्याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. रहस्यकथेचे शेवटचे पान आधी वाचणाऱ्या वाचकाला लेखक बोल लावू शकेल. पण प्रकाशक त्याच्यावर दावा लावू शकत नाही.

लिंबूटिंबूचे शहाणपण

आपल्या गल्लीतील खेळांनी ही गोष्ट फार पूर्वीच ओळखली होती. मोठ्या मुलांच्या खेळात धाकट्या भावंडाला 'लिंबूटिंबू' म्हणून घेत. ते धावे, ओरडे, खेळात रमे. पण बाद झाले तरी त्याच्यावर राज्य येत नसे. यात नियमांचा अपमान आहे, असे कोणाच्या मनातही येत नसे. ज्याची शक्ती कमी, त्याला खेळाबाहेर ठेवण्यापेक्षा त्याच्यापुरता नियम सैल करणे अधिक माणुसकीचे, एवढे तारतम्य त्या मुलांना होते. २०१८ साली निघालेल्या 'सेलेस्ट' या अत्यंत कठीण खेळात निर्मात्यांनी खेळाचा वेग कमी करण्याची, किंबहुना इजाच होऊ न देण्याची सोय उघडपणे दिली. तीही लिंबूटिंबूचीच सवलत होय.

खेळाची काठिण्यपातळी ही सर्वांसाठी कापलेल्या एकाच मापाच्या सदऱ्यासारखी असते. पंधरा वर्षांच्या मुलाची बोटे आणि त्याची मोकळी दुपार गृहीत धरून आखलेला टप्पा, दिवसभर कचेरीत मान मोडून काम केलेल्या आणि रात्री जेमतेम तासभर मिळणाऱ्या कारकुनाने त्याच रीतीने पार करावा, हा आग्रह कशासाठी? त्याच्या दृष्टीने सर्वांत दुर्मीळ वस्तू वेळ ही आहे. एकाच पुलाशी आठवडाभर मरत राहण्याऐवजी त्याने तो पूल युक्तीने ओलांडला आणि पुढचा प्रदेश पाहिला, तर त्याने आपल्या फुरसतीचा विवेकाने विनियोग केला, असेच म्हणावे लागेल. २००२ सालचा 'व्हाइस सिटी' हा खेळ आपल्याकडील सायबर कॅफेंतून मुले तासाच्या भाड्याने खेळत. त्या सामाईक संगणकावर आजची प्रगती उद्या शिल्लक राहील याची शाश्वती नव्हती. साहजिकच 'पॅन्झर' टंकून रणगाडा मागवावा, पोलीस मागे लागले की 'लीव्ह मी अलोन' टंकून त्यांना परतवावे आणि तासाचे पैसे वसूल करावेत, हा त्यांचा हिशेब शास्त्रशुद्धच होता.

टंचाईचे मोल

मात्र या सवलतीलाही घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम लागू आहे. १९८९ सालच्या 'सिमसिटी'मध्ये खेळाडू नगराचा कारभारी असतो. कर, रस्ते, वीज यांची तोंडमिळवणी त्याला करावी लागते. तेथे 'फंड' हा शब्द टंकला की तिजोरीत दहा हजार डॉलर जमा होत. परंतु हा मोह वारंवार केला की शहरात भूकंप होई! चलन छापून तूट भरून काढणाऱ्या अर्थमंत्र्यांना याहून नेमका धडा देता येणार नाही. भूकंप टळला, तरी खेळाडूचे नुकसान होतेच. पैसा अमर्याद झाला की रस्ता आधी बांधावा की वीजकेंद्र, हा प्रश्नच उरत नाही. आणि खेळाची गोडी तर त्या प्रश्नातच असते. सापशिडीतील सगळे साप पुसून टाकले, तर शिड्यांनाही अर्थ राहत नाही. म्हणून ही युक्ती मिठासारखी वापरावी. एकदा सरळपणे खेळून पाहावे, अडले तेथे आधार घ्यावा, आणि खेळ संपल्यावर मौजेखातर हवा तसा धुमाकूळ घालावा.

विकत मिळणारी रडी

खरी चिंतेची बाब वेगळीच आहे. हे फुकटचे संकेतशब्द दिवसेंदिवस दुर्मीळ होत आहेत आणि ज्या गोष्टी ते देत, त्यांचीच आता विक्री होत आहे. २०१२ साली आलेल्या 'कँडी क्रश सागा'मध्ये पाच जीव संपले की नवा जीव मिळण्यासाठी अर्धा तास थांबावे लागते. थांबायचे नसल्यास पैसे मोजता येतात. हाशिमोतोंनी दहा कळांत जे दिले, ते येथे बाजारभावाने मिळते. २०१७ साली 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट टू' या खेळात, आधीच पुरी किंमत मोजलेल्या ग्राहकांना नामांकित पात्रे मिळवण्यासाठी तासन् तास राबावे लागेल अन्यथा नशिबाच्या पेट्या विकत घ्याव्या लागतील, अशी रचना दिसली. तेव्हा इतका गदारोळ उठला की, कंपनीला विक्रीच्या पूर्वसंध्येला ती खरेदी थांबवावी लागली. पुढच्याच वर्षी बेल्जियमच्या नियामकांनी पैशाने घ्यायच्या अशा पेट्यांना जुगार ठरवले.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने थबकून विचार करावा. सुटका विकणाऱ्याचा नफा कंटाळ्यावर अवलंबून असतो. खेळ जितका रखडेल, तितकी त्याची विक्री वाढेल. म्हणजेच टंचाई निसर्गाने निर्माण केलेली नाही, खेळाच्या गरजेनेही नव्हे. ती खिशाकडे पाहून आखलेली आहे. जुन्या संकेतशब्दात निर्माता खेळाडूला म्हणत होता, 'तुला झेपत नसेल तर ही घे किल्ली.' आता तोच निर्माता वाटेत कुलूप लावतो आणि किल्लीचे दुकान मांडून बसतो.

तेव्हा घरात मूल एकटे खेळताना चीट कोड वापरताना दिसले, तर पालकांनी आणि शिक्षकांनी नीतीचा धडा देण्याची घाई करू नये. त्यापेक्षा या सोयीसाठी कोणी पैसे मागतो आहे काय, आणि मागत असल्यास ही अडचण मुळात निर्माण कोणी केली, हे त्याला विचारावे. रडीचा डाव ओळखायला शिकवायचेच असेल, तर तो कोण खेळतो आहे हे आधी नीट पाहायला शिकवले पाहिजे.